उपास करावा, पण गोळ्यांना विचारून

'डॉक्टर, सोळा-आठ करू का?' हा प्रश्न हल्ली आमच्या दवाखान्यात सर्दी-खोकल्याइतकाच नियमाने येतो. विचारणारे सर्व थरांतले असतात. बँकेतले साहेब असतात, कॉलेजातली पोरे असतात, आणि परवा तर बाजारात भाजी विकणाऱ्या एका मावशींनी विचारले. कुणाला मेहुण्याने सांगितलेले असते, कुणी मोबाईलवर बघितलेले असते. सोळा तास पोट रिकामे ठेवायचे आणि उरलेल्या आठ तासांत काय ते जेवून घ्यायचे, एवढीच ही युक्ती. पैसा लागत नाही, औषध लागत नाही, उलट किराण्याचे बिल थोडे कमी होते. मग डॉक्टरला विचारायचे तरी कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. आजचा लेख त्या 'कशाला'साठी आहे.

वाचकहो, प्रथम हे कबूल केले पाहिजे की ही कल्पना आपल्याला नवी नाही. चातुर्मासात एकभुक्त राहणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. एक दिवस उपास आणि एक दिवस जेवण, असे 'धारणे-पारणे' आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका करीत. परदेशी तज्ज्ञ आज त्यालाच 'एक दिवसाआड उपवास' म्हणून अभ्यासतात. जैन मंडळींच्या चौविहारात सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य असते. मुसलमान बांधव रमजानचा महिनाभर पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत रोजा ठेवतात. अलीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण संपवण्याचा मंत्र महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवला. त्याचे मूळ डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानात आहे, हे ते स्वतःच सांगतात. तेव्हा पोटाला सुट्टी देणे ही आपली जुनीच रीत. फरक एवढाच की पूर्वी हेतू पुण्याचा होता, आता पँटच्या मापाचा आहे.

पँटवरून माझीच गोष्ट सांगतो. आम्ही डॉक्टर लोक दुसऱ्यांना वजन कमी करा म्हणून सांगत असतो, आणि सांगताना टेबलामागे बसलेले असतो, त्यामुळे आमचे पोट पेशंटला दिसत नाही. २०२३ च्या जूनमध्ये माझे वजन ८४ किलो होते. उंची पाच फूट सहा इंच. कमरेचा घेर चाळीस इंच. उपाशीपोटीची साखर ११२ आली. शंभर ते सव्वाशे यांमधली साखर म्हणजे मधुमेहाने दारावर टकटक केल्यासारखेच. दुसऱ्या कुणाचा असा रिपोर्ट असता, तर मी त्याला चांगले अर्धा तास सुनावले असते. स्वतःला सुनावणे जड जाते, म्हणून मी उपासाचा रस्ता धरला.

संध्याकाळी साडेसातला जेवण, त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. सकाळी बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा, आणि पुढचे जेवण साडेअकराला. पहिला आठवडा फार वाईट गेला. दहाच्या सुमारास डोके ठणकू लागे आणि पेशंटवर मी विनाकारण खेकसत असे. आमचे कंपाउंडर एरवी चार गोष्टी बोलणारे गृहस्थ, पण त्या आठवड्यात ते चिठ्ठ्या टेबलावर ठेवून मुकाट्याने बाहेर जात. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, 'वजन उतरेल तेव्हा उतरेल, तुमचा पारा मात्र रोज चढतोय.' दहा-बारा दिवसांनी हे सारे शमले. सकाळची भूक आपोआप बोथट झाली. चार महिन्यांत वजन ७८ वर आले, घेर दोन इंचांनी उतरला आणि साखर १०१ झाली.

हा चमत्कार कशाने झाला? तेव्हा मला वाटले, सोळा तासांनी झाला. पुढे शांतपणे वहीत हिशेब मांडला तेव्हा निराळेच दिसले. नाश्त्याचे पोहे सुटले होते, पण दुपारी एक भाकरी वाढली होती. त्यांची फिटंफाट झाली. खरोखर सुटले होते ते रात्री टीव्हीपुढे बसून संपणारे वाटीभर चिवडा-फरसाण आणि दिवसभरातले दोन गोड चहा. वाटीभर फरसाणाचे अडीचशे-पावणेतीनशे उष्मांक आणि दोन गोड चहांचे दीडशे, म्हणजे रोजचे चारशेच्या वर उष्मांक गेले. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० उष्मांक. एकशेवीस दिवसांचा गुणाकार आणि भागाकार करून पाहा, सहा-साडेसहा किलोच येतात. माझे सहा किलो कुठे गेले ते मला कळले. चरबी वितळली ती मुख्यतः फरसाणाच्या डब्याला झाकण लागल्यामुळे.

शास्त्रीय अभ्यासांचाही सूर साधारण असाच आहे. २०२२ साली चीनमधील ग्वांगझौ येथील अभ्यास प्रसिद्ध झाला. १३९ लठ्ठ व्यक्तींना वर्षभर मोजून कमी खायला सांगितले. त्यातल्या निम्म्यांना ते सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायचे होते, उरलेल्यांना वेळेचे बंधन नव्हते. वर्षअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ८ किलोंनी, दुसऱ्याचे ६.३ किलोंनी उतरले, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. त्याआधी २०२० साली अमेरिकेत ११६ जणांवर सोळा-आठचा प्रयोग झाला. त्यांना काय खावे, किती खावे हे सांगितलेच नव्हते. फक्त दुपारी बारा ते रात्री आठ ही वेळ पाळायची होती. बारा आठवड्यांत वजन एक किलोही उतरले नाही, तीनदा जेवणाऱ्यांच्या तुलनेत फायदा दिसला नाही, आणि ज्यांची बारकाईने तपासणी झाली त्यांच्या उतरलेल्या वजनात चरबीपेक्षा स्नायू वगैरेंचाच भाग जास्त निघाला. म्हणजे कमी खाल्ले तर उतरते. नुसते घड्याळ बदलून ताट तेच ठेवले तर उतरत नाही.

मग घड्याळाला काहीच किंमत नाही का? थोडी आहे. जेवण झाले की रक्तात इन्सुलिन वाढते, आणि इन्सुलिन वाढलेले असताना शरीर चरबी साठवते, मोडत नाही. जेवणात अंतर पडले की यकृतातला साखरेचा साठा वापरला जातो आणि हळूहळू चरबी जळू लागते. २०१८ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरील आठ पुरुषांवर एक छोटा अभ्यास झाला. त्यांनी दिवसाचे सर्व खाणे सहा तासांत आटोपले आणि शेवटचे जेवण दुपारी तीनच्या आत घेतले. वजन तेवढेच राखूनही त्यांचे इन्सुलिन अधिक चांगले काम करू लागले व रक्तदाब उतरला. आठ माणसे म्हणजे फार नव्हेत, पण लवकर जेवण्यात तथ्य असावे असे त्यावरून वाटते. आपल्याकडे मात्र उलटे चालते. सकाळी उपास, आणि रात्री मालिका संपल्यावर साडेदहाला भरपेट जेवण. हे सोळा-आठ मला तरी मान्य नाही.

उपासाने पेशी स्वतःची साफसफाई करतात, त्याला नोबेल मिळाले आहे, असेही पुष्कळ जण सांगतात. जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळाले ही गोष्ट खरी. पेशीतल्या या मोडतोड-दुरुस्तीची यंत्रणा त्यांनी यीस्टमध्ये उलगडली. त्यावरून सकाळचे पोहे सोडल्याने कॅन्सर टळतो असे सिद्ध होत नाही. नोबेल त्यांना मिळाले आहे, आपल्या उपासाला नव्हे.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला माझ्या पँटी कमरेला ढिल्या होऊ लागल्या, म्हणून त्या आमच्या नेहमीच्या टेलरमास्तरांकडे दिल्या. पंचवीस वर्षे ते माझे कपडे शिवतात आणि बारा वर्षे मी त्यांचा मधुमेह सांभाळतो. टेप लावून त्यांनी कौतुकाने विचारले, 'डॉक्टरसाहेब, दोन इंच आत? काय केलंत?' स्तुती कुणाला नको असते? मी दुकानात उभा राहून दहा मिनिटे व्याख्यान दिले. सोळा तास, आठ तास, सकाळी काही खायचे नाही, सगळे सांगितले. मास्तरांनी टेप गळ्यात टाकून मन लावून ऐकले. मी पँटी ठेवून निघून आलो.

तीन आठवड्यांनी, दिवाळीची शिलाई जोरात असताना, सकाळी सव्वाअकराला त्यांचा मुलगा त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन आला. अंगातला सदरा घामाने भिजून चिकटलेला, हात थरथरत होते, आणि ते काहीतरी असंबद्ध बोलत होते. दुकानात गिऱ्हाइकाचे कापड कापता कापता त्यांनी कात्री भलतीकडेच चालवली आणि मुलाने हटकले तर त्याच्यावरच ओरडले. शेजाऱ्यांना वाटले, डोक्यावर परिणाम झाला. बोट टोचून साखर पाहिली, ४१. शिरेतून ग्लुकोज दिले तसे चार-पाच मिनिटांत मास्तर डोळे चोळून विचारू लागले, 'मी इथे कसा?' मुलगा रडायला लागला.

काय झाले होते? मास्तरांनी माझा सल्ला तंतोतंत पाळला होता. नाश्ता बंद केला होता. पण सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी चालूच होती, कारण चिठ्ठीवर 'सकाळी नाश्त्यापूर्वी' असे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आले आहे की नाही हे ती पाहत नाही. आठला गोळी, जेवण बाराला, मधे चार तास मशीनवर पाय मारायचे. आधीही दोनदा त्यांना घाम येऊन चक्कर आली होती. उपासाने सुरुवातीला असे होतेच, असे मीच सांगितले होते, म्हणून ते गप्प बसले.

वाचकहो, त्या दिवशी चूक मास्तरांची नव्हती. दवाखान्यात खुर्चीवर बसून मी हा सल्ला दिला असता तर आधी त्यांचा कागद पाहिला असता. दुकानात उभा असताना मी डॉक्टर आहे हे मी विसरलो, पण मास्तर विसरले नव्हते. त्यांना मी दिवसभर देखरेखीखाली ठेवले, कारण या गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो आणि साखर वर येऊन पुन्हा घसरू शकते. संध्याकाळी मुलाला घरी पाठवताना त्याची क्षमा मागितली.

म्हणून आता स्पष्ट लिहितो. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून डोस आणि वेळ बदलून घेतल्याशिवाय जेवण चुकवू नये. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका फार कमी असतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांवर लांबचे उपास केले तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांवर कोरडा उपास केला तर उठताना चक्कर येऊन पडायला होते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, क्षयरोगाचे उपचार घेणारे, वजन मुळातच कमी असलेले आणि खाण्याविषयी मनात विकृत भीती बसलेले यांनी या वाटेला जाऊच नये. पित्ताशयात खडे असलेल्यांनी किंवा युरिक ॲसिड वाढून सांधे धरणाऱ्यांनी आधी विचारावे.

साखर उतरल्याची लक्षणे घरातल्या सर्वांना माहीत हवीत. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, कडाडून भूक, विनाकारण चिडचिड, असंबद्ध बोलणे. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, ती सत्तरच्या खालीच असेल तर आणखी पाजावी आणि नंतर जेवण द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. साखर ऐवजी पेढा, चॉकलेट देत बसू नये, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते.

आता थोडे घरातल्या बायकांविषयी. सोमवार, गुरुवार, संकष्टी, दोन एकादश्या, शिवाय नवरात्र. काही घरांत आठवड्याचे निम्मे दिवस तिचा उपास असतो आणि उरलेल्या दिवशी ती सर्वांच्या शेवटी, उरेल ते जेवते. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा बाईला सोळा-आठ शिकवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात लोटणे. तिला उसळ, डाळ, अंडे, पालेभाजी आणि वेळेवर ताट हवे आहे. 'मी तर काहीच खात नाही, तरी वजन वाढते' असे पुष्कळ जणी सांगतात. त्यात खोटे काही नसते. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडली नाही. शंभर ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशे उष्मांक असतात, ते जवळजवळ सगळे पिष्टाचे, प्रथिने नावालाही नाहीत. त्यावर तेल-तूप, बटाटा, दाण्याचे कूट, आणि वर चहा. साध्या वरण-भात-भाजीचे ताट त्या उपासापेक्षा हलके असते.

मग कुणी करावे आणि कसे? ज्याचे वजन जास्त आहे, ज्याला रोजचे औषध नाही आणि जो मधल्या खाण्यामुळे सुटला आहे, त्याने खुशाल करून पाहावे. आरंभ बारा तासांपासून करावा. रात्री आठला जेवलात तर सकाळी आठपर्यंत काही नाही, एवढे जरी पाळले तरी पुष्कळांचे अर्धे काम होते. ते जमले की तास वाढवावेत. जेवताना आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, शेवटी भात. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालावे आणि आठवड्यातून दोन-तीनदा हातापायांना जोर पडेल असा व्यायाम करावा, म्हणजे स्नायू राहतील आणि चरबी जाईल. वजनापेक्षा कमरेवर लक्ष ठेवावे. आपल्या लोकांत पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० च्या आत असावी. आणि ज्याला हे सोसत नाही त्याने तीनदा जेवून, मधले खाणे सोडून तेवढाच फायदा मिळवावा. त्यात कमीपणा काही नाही.

माझे म्हणाल तर त्या दिवाळीत आणि पाठोपाठच्या लग्नसराईत दोन किलो परत आले. ८० वर काटा थांबला आहे. सोळा तासांचा हट्ट मी सोडला, पण रात्रीचे जेवण आठच्या आत आणि फरसाणाचा डबा माळ्यावर, हे दोन नियम राहिले आहेत.

मास्तरांची गोळी मी बदलली. तेही आता रात्री लवकर जेवतात, सकाळी मात्र नाचणीची भाकरी खाऊनच मशीनवर बसतात. वर्षभरात त्यांचे तीन किलो उतरले आणि साखर पुन्हा कधी घसरली नाही. मागच्या महिन्यात पँट घ्यायला गेलो तेव्हा एक गिऱ्हाईक त्यांना विचारत होते, 'मास्तर, बारीक झालात, काय केलंत?' मास्तरांनी माझ्याकडे पाहिले, आणि त्या गृहस्थांना म्हणाले, 'सांगतो. पण आधी मला सांगा, तुम्हाला गोळ्या कोणत्या चालू आहेत?'

जो प्रश्न मी त्यांना विचारायला हवा होता, तो त्यांनी विचारला. वाचकहो, तुम्हीही उद्या कुणाला उपासाचा सल्ला द्याल, मेहुण्याला द्याल, शेजाऱ्याला द्याल, तेव्हा हा एक प्रश्न आधी विचारा. मग खुशाल सांगा.